उजव्या कोपऱ्यातली मुलगी

करंजवलीच्या वाचनालयात नव्या अंकावर शिक्का कुठं मारायचा, हा नियम सदूनं केलेला नव्हता. सदू यायच्या आधीपासून तो तसाच चालत आला होता. मुखपृष्ठावर उजव्या हाताला खालच्या कोपऱ्यात एक, अकराव्या पानावर एक आणि शेवटच्या पानावर एक. मुखपृष्ठावरचा सगळ्यांना दिसावा म्हणून, अकराव्या पानावरचा चोराला कळू नये म्हणून, आणि शेवटच्या पानावर का, ते कुणालाच माहीत नव्हतं. खोपोलीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून सदू रोज संध्याकाळी दोन तास वाचनालय उघडायचा. सहा वर्षांत त्याचा शिक्का कधी वाकडा पडला नव्हता. गोल, जांभळा, मोठ्या पेढ्याएवढा.

यंदा वसुबारसेच्या आदल्या दिवशी कर्जतहून दिवाळी अंकांचा गठ्ठा आला. त्यातल्या एका अंकाच्या मुखपृष्ठावर सदूची एकुलती एक मुलगी हर्षला होती. ती मुंबईत राहून मालिकेत धाकट्या जावेचं काम करायची, एक सिनेमाही झाला होता. तिनं आठ दिवस आधीच फोनवर सांगितलं होतं, "बाबा, आम्ही सात जणी आहोत. उद्याच्या नायिका म्हणून फोटो काढलाय."

"बरं," सदू म्हणाला होता. "जेवलीस का?"

असं काही ऐकल्यावर पुढं काय विचारायचं, ते त्याला कधी सुचत नसे. ते काम सुंदराचं होतं. सुंदरा म्हणजे त्याची बायको. ती असताना फोन तिच्याच कानाला असायचा, आणि सदू शेजारी बसून "विचार, पाऊस हाय का तिकडं" एवढंच म्हणायचा. गेल्या वर्षी भाऊबीजेनंतर आठ दिवसांनी सुंदरा गेली. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं जेवणापाशी सुरू व्हायचं आणि जेवणापाशीच संपायचं.

त्यानं गठ्ठ्याची सुतळी सोडली आणि तो अंक आधी काढला. सात मुली होत्या. पाच उभ्या, दोन जणी खाली जमिनीवर बसलेल्या. सगळ्यांचे झगे एकाच मोतिया रंगाचे, सगळ्यांचे केस सरळ करून खांद्यावर सोडलेले, सगळ्यांचे ओठ एकाच डबीतले. हसणंही एकाच मापाचं. सदूनं चष्मा पुसला आणि परत पाहिलं. मधोमध उभ्या असलेल्या मुलीची हनुवटी सुंदराची होती. अगदी तीच. त्याला बरं वाटलं. मधे उभी केलीय म्हणजे पोरीला तिकडं कुणीतरी मानत असणार. त्यानं उजव्या कोपऱ्यावर शिक्का टेकवताना मधल्या मुलीवर शाईचा थेंब उडू नये म्हणून तिच्यावर डावा तळहात आडवा धरला.

मग अकरावं पान, मग शेवटचं पान. आणि मग, आता निवांत वाचू म्हणून आतला लेख उघडला तर तिथं सगळ्यांची नावं ओळीनं दिली होती. उभ्या पाच जणी, डावीकडून. त्यांत हर्षला नव्हती. सदूनं बोट खाली नेलं. "बसलेल्या, उजवीकडे: हर्षला भोईर."

त्यानं अंक मिटून मुखपृष्ठ पाहिलं. उजवीकडे बसलेल्या मुलीला गळा होता, खांदे होते, केस होते. चेहऱ्याच्या जागी "सार्वजनिक वाचनालय, करंजवली" होतं.

तिथंच थांबला असता तरी निभावलं असतं. पण सदूनं रुमाल ओला केला आणि पुसायला गेला. शाई पसरली. मग खोडरबर घेतला. जांभळं गेलं नाही, पण कागद सोलवटला आणि नाक गेलं. अर्ध्या तासानं तिथं एक जांभळट डाग तेवढा उरला, कुणीतरी रागारागानं चोळून काढल्यासारखा. सदूनं अंक टेबलाच्या खणात टाकला आणि वर हजेरीपट ठेवला.

दुसऱ्या दिवशी वसुबारसेला अंक मांडायची रीत होती. लांब टेबलावर सगळे नवे अंक ओळीनं लावायचे, लोक येऊन बघणार, मग पाळीनं घरी नेणार. वाचनालयाचे अध्यक्ष पोपटशेठ मोजायला बसले. एक अंक कमी भरला. त्यांनीच खण उघडला.

"हा काय इथं! सदूभाऊ, अरे ह्याच्यासाठीच तर लोकं येणार!"

सदूनं हात पुढं करेपर्यंत अंक टेबलावर गेला होता आणि भोवती दहा-बारा डोकी गोळा झाली होती.

"उद्याच्या म्हणं! ह्या तर परवापासनंच दिसतायत टीव्हीवर."

"सगळ्या गोऱ्या. एक तरी सावळी घ्यावी की नाय? म्हाराष्ट्रात ऊन पडत नाय काय?"

"त्या डावीकडच्या बाईला 'ळ' म्हणता येत नाय. मी बघतो ना तिची मालिका."

"बघतोस कशाला मंग?"

"बायको बघते. मी जेवतो तिथं."

"खांद्यावर कापड कमी पडलं वाटतं."

"दिवाळी अंक हाय का साबणाची जाहिरात?"

"आपली हर्षला कंची रं ह्यात?"

"ही... ही नाय... आं? ही कोन? हिचं तोंड कुठाय?"

पोपटशेठनी अंक उचलून उजेडात धरला. मग चष्म्यावरून सदूकडं पाहिलं.

"हे तू केलंस?"

"शिक्का पडला," सदू म्हणाला.

"पडला नाय, चोळलाय."

"पुसाया गेलो."

पोपटशेठ उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी सदूच्या खांद्यावर हात ठेवला. "मला कळतंय रं. बापाचं काळीज हाय शेवटी. आई असती तर पोरीला सांगितलं असतं, आता तुलाच करावं लागलं. बरं केलंस. कुणीतरी करायलाच पायजे होतं."

खरं बोलायची हीच वेळ होती. 'शेठ, मी माझ्या पोरीला ओळखलं नाय' एवढंच म्हणायचं होतं. सदू टेबलावरचे अंक सारखे करत राहिला. पोरीची लाज वाटली म्हणून तिच्या तोंडावर शाई फिरवणारा बाप गावाला कळत होता. तो त्यांच्या ओळखीचा होता, प्रत्येक आळीत एक तरी होता. चोवीस वर्षांच्या मुलीला न ओळखणारा बाप कुणाला कळला असता?

मिनिडोर रिक्षा चालवणाऱ्या साईनाथनं तेवढ्यात मोबाइलवर अंकाचा फोटो काढला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याला कशाचाही फोटो काढायची सवय होती. खड्डा पडला तरी काढायचा, घोणस निघाली तरी काढायचा, आणि काढला की गावाच्या ग्रुपवर टाकायचा.

सदू कुलूप लावून घरी निघाला तोवर गावाची दोन मतं झाली होती, आणि दोन्ही त्याच्या वाटेत उभी होती. पिंपळाच्या पारावरच्यांनी "वा, सदूभाऊ" म्हणून मान डोलावली. पुढं कॉलेजात जाणाऱ्या रुचितानं त्याला अडवलं. "काका, तुम्ही वाचनालय चालवता, आणि तुमचे विचार असे? तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." शिव्या देणारी परवडली, पण पारावरच्या त्या डोलणाऱ्या माना त्याला नको झाल्या होत्या.

शेजारच्या घरात त्याची थोरली बहीण धोंडूबाई राहायची. ती ओटीवर वाटच बघत बसली होती.

"सद्या, इकडं ये. काय करून ठेवलंस रं मेल्या?"

"ताई, शिक्का हाय तो. नियमानं पडला."

"नेम गेला चुलीत. सहा जणींना सोडलंस, आन् पोटच्या पोरीलाच बरा सापडला नेम? लाजच वाटली तर सगळ्यांची वाटाया पायजे होती!"

"मला कुनाची लाज वाटली नाय."

"मंग का केलंस?"

सदू उंबऱ्याकडं बघत राहिला. त्याच्याच दाराला कंदील नव्हता, सुंदरा गेल्यानंतरची पहिली दिवाळी होती. धोंडूबाईनं कपाळावर हात मारला. "तुझी बायको व्हती तवा ती तुझं बोलायची. आता कोन बोलंल तुझं?"

हर्षलाचा निरोप मोबाइलवर येऊन पडला होता. साईनाथनं काढलेलाच फोटो, आणि खाली एक ओळ: "बाबा, हे तुम्ही केलं?"

सदूला टाइप करायला वेळ लागायचा, म्हणून त्यानं फोन लावला. तिनं लगेच उचलला.

"तुम्ही केलंत का तेवढं सांगा."

"हो. पण त्याचं असं झालं—"

"काय झालं?"

मुलीचा आवाज कानाशी होता. सदूच्या गळ्याशी वाक्य आलं होतं, पण ते बाहेर पडलं की परत आत घेता येणार नव्हतं. तो म्हणाला, "शिक्क्याची जागाच ती असते."

"बाबा, सात जणी आहेत त्यात."

"हो."

"आणि घासलंय वरून. मला काय दिसत नाही का?" ती थांबली. मग म्हणाली, "आईच्या वर्षश्राद्धाला मी येत नाही. गावातली माणसं आईच्या नावानं घास ठेवायला नाही येणार, माझं तोंड बघायला येतील. ते तुम्ही झाकलंच आहे. असू दे झाकलेलं."

फोन बंद झाला. आज ती "जेवलात का" म्हणालीच नाही.

सदूच्या घरात माणसं दोनच उरली होती, आणि त्यातलं एक येणार नव्हतं. सुंदराचं पहिलं वर्षश्राद्ध, आणि तिची एकुलती मुलगी तिथं नसणार. तेही कशामुळं, तर एका शिक्क्यामुळं. शिक्क्यामुळंही नाही. तो एक शब्द बोलू शकत नव्हता म्हणून. त्याला स्वतःचा इतका वैताग आला की त्यानं भात तसाच झाकून ठेवला आणि ओटीवर येऊन बसला. तिथूनही पारावरचं बोलणं ऐकू येत होतं. अजून अंकावरच चाललं होतं. कुणी म्हणत होतं, मुलींनी असल्या धंद्यात जाऊच नये. कुणी म्हणत होतं, जावं, पण गावाचं नाव लावू नये. एकाचं म्हणणं होतं की गावाचं नाव लावावं, पण आडनाव बदलावं. त्यांतल्या एकानंही आजवर हर्षलाला "कशी आहेस" म्हणून विचारलेलं सदूला आठवत नव्हतं.

सकाळी धोंडूबाईच म्हणाली, "फोनवर तुला जमायचं नाय. त्वांडावर जाऊन सांग, काय हाय ते."

हर्षलाचं शूटिंग कर्जतलाच चालू होतं. गावापासून जेमतेम तेरा किलोमीटर. नदीच्या अंगाला कुणा मुंबईवाल्याचा मोठा बंगला होता, तो मालिकेत सासर म्हणून दाखवायचे. दोन वर्षं ती महिन्यातून दहा दिवस तिथं यायची. सदू कधी गेला नव्हता. सुंदरा दोनदा जाऊन आली होती.

साईनाथनं मिनिडोर दारात आणून उभी केली. त्याला रात्रभर चुटपुट लागली असावी.

"काका, मी ग्रुपवरनं काढून टाकला फोटो."

"कधी?"

"आत्ता."

"आत्ता काढून काय उपेग? लोकांच्या डोक्यातनं काढ."

साईनाथ गप्प बसला. पण साईनाथला गप्प बसणं फार वेळ जमत नसे. पळसदरीच्या आसपास तो म्हणाला, "पन काका, खरं सांगू? मला फोटो आवडला व्हता. नुसतं एवढंच वाटलं की हर्षलाताईला खाली कशाला बसवली? मधी उभी करायला पायजे व्हती."

सदू म्हणाला, "गाडी चालव."

बंगल्याच्या फाटकावर शुक्रा नावाचा म्हातारा राखणदार होता. त्यानं सदूला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"फोटो काढाया आलात काय? सुटी झाली का या. आत्ता आत सोडत नाय."

"माझी मुलगी हाय आत. हर्षला."

"सगळे असंच सांगतात. परवा एक जन म्हनला, मी तिचा मामा."

सदूनं पिशवीतून अंक काढला. दाखवायला दुसरं काही नव्हतंच त्याच्याकडं. "ही बघा. ही माझी मुलगी."

शुक्रानं अंक लांब धरला, जवळ धरला. "हिला त्वांड नाय."

"शिक्का पडला."

"मंग ही आमच्या म्याडम नसल. आमच्या म्याडमला त्वांड हाय. चांगलं हाय."

"अहो, नाव वाचा ना आत!"

"मला वाचता आलं असतं तं मी हितं फाटकावर बसलो असतो व्हय?" पण अंक त्यानं परत दिला नाही. सातही मुली एकेक करून पाहिल्या आणि मत दिलं, "ह्यांना कोन जेवाया घालत नाय काय?" मग उठला आणि डुलत डुलत आत गेला.

पाऊण तास गेला. मग बंगल्याच्या दारातून दोघी बाहेर आल्या. दोघींच्या अंगावर सारख्याच जरीच्या साड्या, नाकात नथी, अंबाड्यावर गजरे, तोंडाला जाड थर. मालिकेत मंगळागौर किंवा असलंच काहीतरी चाललं असावं. दोघी बोलत फाटकाकडं येत होत्या. डावीकडची की उजवीकडची? एवढ्या लांबून त्याला कळेना, आणि चुकीच्या मुलीकडं बघून तो हसला असता तर मग संपलंच होतं. त्यानं मान खाली घातली आणि स्वतःच्या चपला बघत उभा राहिला.

"बाबा."

उजवीकडची. दुसरी जरा मागं थांबली होती.

"खाली काय बघताय? माझ्याकडं बघायची पण लाज वाटते का आता?"

"नाही गं."

"मग बघा ना."

सदूनं वर पाहिलं. थराखाली कुठंतरी हर्षला होती. डोळे लाल झालेले, पण काजळ पसरू नये म्हणून तिनं ते मोठे करून धरलेले. त्याला वाटलं, आता एक शब्द गिळला तर उरलेला सगळा जन्म गिळतच बसावं लागेल.

"मला लाज वाटली नाय," तो म्हणाला. "मला वाटलं, तू मधली. मधे उभी हाय ना, ती. तिला शाई लागू नये म्हणून मी वर हात धरला आणि कोपऱ्यात शिक्का मारला. मग नावं वाचली. पुसाया गेलो तर अजून बिघडलं. मी तुला ओळखलं नाय, हर्षला."

शुक्रा दुसरीकडं तोंड करून उभा राहिला.

हर्षलानं त्याच्या हातातून अंक घेतला. मधल्या मुलीकडं पाहिलं, फार वेळ.

"ही?"

"हो."

"ही मी वाटले तुम्हाला?"

"हनुवटी बघून वाटलं."

"बाबा, ही पंजाबी आहे!" तिचा आवाज चढला. "आणि महिनाभर एकत्र काम करून हिनं मला पाणीपण विचारलं नाही. हिच्यावर हात धरलात? आन् माझ्यावर शिक्का?" राग आला की हर्षलाची मुंबई गळून पडायची. "तुमी चोवीस वर्सं काय बघत व्हता? आईनं एका नजरंत वळखलं असतं मला! पाठमोरी असते तरी वळखलं असतं!"

"तेच तर," सदू म्हणाला. "तेच मला सांगाया जमंना. गावाला नाय, तुला नाय. पोरीची लाज वाटते म्हणणारा बाप बरा वाटला मला, ह्याच्यापरीस." त्यानं नाक पुसलं. "मी कधी बघितलंच नाय तुला नीट. तुझी आई सांगायची, हर्षला उंच झाली, मग मला ती उंच दिसायची. आई सांगायची, आज रुसलीय, मग मला रुसलेली दिसायची. आता सांगणारं कुनी नाय. मला काय दिसत नाय."

हर्षलानं ओठ दाबून धरले. मागं थांबलेल्या मुलीनं हाक मारली, "हर्षू, शॉट!" हर्षलानं हात वर करून तिला थांबवलं.

"मला जास्त राग कशाचा आलाय ते मला नाही कळत," ती म्हणाली. "लाज वाटली असती तर निदान भांडता आलं असतं."

"भांड की."

"आत्ता वेळ नाही." तिनं अंक त्याच्या हातात परत दिला. "एक करा. गावात खरं सांगा. वाचनालयात, सगळ्यांसमोर. मला ओळखलं नाही म्हणून झालं, असं. बापाला माझी लाज वाटली असं समजून माणसं घास ठेवायला येणार असतील तर मी नाही येणार. पण ते सांगितलंत तर बघते."

"हसतील."

"हसू द्या," ती म्हणाली आणि वळली. साडी दोन्ही हातांनी उचलून ती पळत बंगल्याकडं गेली, शॉटला उशीर झाल्यामुळं.

परत येताना सदूनं कर्जत स्टेशनसमोरच्या दुकानातून तोच अंक नवा विकत घेतला. साईनाथनं सगळं फाटकाबाहेरून ऐकलं होतं. गावापर्यंत तो एक शब्द बोलला नाही. त्याच्या आयुष्यातला हा विक्रम असावा.

संध्याकाळी धनत्रयोदशीची गर्दी होती. सदूनं लांब टेबलापाशी उभं राहून सांगितलं. जसं मुलीला सांगितलं तसंच सांगितलं, कमी नाही, जास्त नाही. मधली समजलो, हात धरला, कोपऱ्यात शिक्का मारला. मला पोरीची लाज वाटली नाय. मी तिला ओळखलं नाय.

पोपटशेठचा चेहरा पडला. "म्हंजे मुद्दाम नाय केलंस?"

"नाय."

"सदूभाऊ," पोपटशेठ जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "हे कशाला सांगतोस चारचौघांत? आधीचंच बरं दिसत होतं."

सदूला दोन दिवसांचा राग एकदम आला. त्यानं नवा अंक पिशवीतून काढून टेबलावर आपटला. "बरं दिसाया सांगत नाय मी. दोन दिस तुमी सगळे माझ्या पोरीवर बोलताय. तिनं काय घालावं, कुठं बसावं, आडनाव कंचं लावावं. हा घ्या, शिक्का नाय ह्याच्यावर. दाखवा, ह्यातली हर्षला कंची."

पोपटशेठनी अंक उचलला आणि पूर्ण आत्मविश्वासानं डावीकडून दुसऱ्या मुलीवर बोट ठेवलं. मागून कुणी म्हणालं, "नाय ओ शेठ, ही." ती मधली निघाली. रुचितानं बरोबर दाखवली. पण ती लेख आधीच वाचून बसली होती, हे तिनंच कबूल केलं. हशा झाला. मग लगेच नवीन वाद निघाला. कुणी म्हणालं मेकअपचा दोष, कुणी म्हणालं फोटोग्राफरचा, कुणी म्हणालं आजकाल सगळ्याच पोरी सारख्या दिसतात. आणि एक जण छातीवर हात ठेवून म्हणाला, मी माझ्या पोरीला अंधारातसुद्धा ओळखीन.

सदू हसला नाही. पोपटशेठ चुकले म्हणून त्याचं काही हलकं झालं नव्हतं. पोपटशेठ तिचे वडील नव्हते.

घरी येऊन त्यानं चूल पेटवायच्या आधी फोन लावला. बराच वेळ वाजला. मग हर्षलानं उचलला. मागं भांड्यांचा आवाज होता.

"सांगितलंत?"

"सांगितलं."

"सगळ्यांसमोर?"

"पोपटशेठपण व्हते."

"मग?"

आणि मग सदू सांगत गेला. शेठनी कुणावर बोट ठेवलं ते. रुचितानं कबूल केलं ते. ते 'ळ'चं. जेवताना मालिका बघणाऱ्याचं. शुक्राचं मत. त्याला स्वतःचाच आवाज अनोळखी वाटत होता. पलीकडून मधेच "कोण म्हणालं असं?", मधेच "त्या मेल्याला काय कळतं!" असं येत होतं. किती वेळ झाला त्याला कळलं नाही.

"आणि तुमचं?" हर्षलानं विचारलं. "सगळ्या गावाचं मत सांगितलंत. तुम्हाला कसा वाटला फोटो?"

सदूनं विचार केला. एवढ्या दिवसांत त्याला हे कुणी विचारलंच नव्हतं. त्यानंही स्वतःला विचारलं नव्हतं.

"मला नाय आवडला," तो म्हणाला. "खांद्याबिंद्याचं माझं काय नाय. पण सात घरच्या सात पोरी, आन् एकच रंग, एकच केस, एकच त्वांड. बाजारात भांड्यांना कल्हई लावल्यासारख्या. आईबापाला लेकरू वळखू येऊ नये, असा फोटो काढत्यात व्हय? त्या फोटोवाल्याला म्हणावं, आधी बघाया शिक. मलाबी शिकाया लागंल. पण तो तर पगार घेतो त्याचा."

पलीकडं काही आवाज आला नाही. सदूला वाटलं, गेलं. झालं होतं तेवढंही गेलं.

"मलापण नाही आवडला," हर्षला म्हणाली. "कुणाला सांगितलं नव्हतं."

मग नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मग ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आत्याला म्हणावं, श्राद्धाच्या वड्यांचं पीठ एकटीनं भिजवू नको, तिचे कडक होतात. मी शनिवारीच येते."